राहिलेली ओंजळ

"बाईंचा पेला आणा," शेठ म्हणाले.

माझा पेला कोणता हे शिपायाला विचारावं लागलं नाही. ऑफिसात स्टीलचे पेले पुष्कळ होते, सगळे सारखेच. त्यातल्या एकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तो माझा. मी कारखान्यात लागले त्याच आठवड्यात तो ठिपका आला. विचारलं तर शिपाई म्हणाला, "लॅबचा पेला आहे बाई. तुमच्या हाताला केमिकल असतं ना." लॅबमध्ये माझ्याबरोबर आणखी एक जण होता. त्याचे हात तर मनगटापर्यंत निळे असायचे. तो ट्रेमधला हवा तो पेला उचलायचा. त्याला ठिपका नव्हता. मी पुन्हा विचारलं नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या पोरीला एवढं कळतं.

तर तो पेला आला. भरलेला.

ऑक्टोबरचं ऊन होतं. केबिनमध्ये कूलर घरघरत होता. शेठच्या पाठीमागे पांढऱ्या संगमरवराचा बुद्ध, डोळे मिटलेला. समोर सरकारी साहेब, तपासणीला आलेले. आणि दाराशी उभे आमचे नाना. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घराचे तेच मोठे, आणि वस्तीतल्या विहाराचे अध्यक्षही तेच. त्यांच्याबरोबर वस्तीतल्या दोन बाया. एकीने डोक्यावरून हंडा आणला होता. आमच्या विहिरीच्या पाण्याचा. तक्रार घेऊन आले होते, की कारखान्याच्या नाल्याचा रंग विहिरीत उतरलाय.

तो हंडा शिपाई आत घेऊन गेला. "गाळून आणतो," म्हणाला. आणि आला तो पेला.

शेठ साहेबांना म्हणाले, "या आमच्या केमिस्ट. यांच्याच वस्तीतल्या आहेत, परक्या नाहीत. याच सांगतील पाणी कसं आहे ते." मग माझ्याकडे वळून, "बसा मॅडम. प्या."

मॅडम. तोवर मी "ए बाई" होते. त्या केबिनमध्ये मी कधी बसले नव्हते. रंगाच्या शेडचे नमुने दाखवायचे ते उभ्याने. त्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची ओढली गेली. नाना उभे, बाया उभ्या, मी खुर्चीवर.

पेल्याला बाहेरून घाम आला होता. गार पाणी. उन्हातून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं पाणी गार कसं असेल? आणि वास नव्हता. आमच्या विहिरीच्या पाण्याला त्या महिन्यात सडक्या अंड्यासारखा वास मारत होता. तो वास कशाचा हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. गंधकाचा काळा रंग मीच उकळायला सांगत होते.

मी प्याले. सगळा पेला.

नानांनी विचारलं, "कसं शे पाणी, पोरी?"

मी म्हणाले, "चांगलं शे, नाना."

नानांच्या चेहऱ्यावर शंका आली नाही. ती आली असती तर आज मला थोडं हलकं वाटलं असतं. ते साहेबांना म्हणाले, "मनी पोर सांगस ना, मंग पाणी चांगलंच शे." माझी पोर सांगते ना, मग पाणी चांगलंच आहे. शिपायाने परत आणलेला रिकामा हंडा उचलून तिघं गेले. जाताना एक बाई माझ्याकडे बघून हसली. आपली पोरगी शेठच्या समोर खुर्चीवर बसलीय, याचं हसू.

साहेबही गेले. शेठनी कागद आवरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ए बाई, ती खुर्ची बाहेर ठेव."

मी ठेवली.

ही विहीर काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा नुसता खोटं बोलण्याचा वाटेल.

आमचं गाव धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आत वळून. गावाची विहीर वरच्या आळीत. माझ्या आजीच्या वेळी आमच्या बाया तिथे खाली हंडे ठेवून बसायच्या. कोणी वरून ओतलं तर ओतलं. धम्म घेतल्यावर माणसांनी ठरवलं, आता बसायचं नाही. मजुरी करून आल्यावर संध्याकाळी खणायचे. कातळ लागला तेव्हा गावातले बघायला यायचे, हसायचे. "पाताळातून आणता का रे पाणी?" माझे वडील, नाना, सगळे त्या खड्ड्यात उतरलेले. पाणी लागलं. मग विहिरीला लागून विहार बांधला. विहारात बुद्धांची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला, हातात घटना धरलेला आम्हा सगळ्यांचा बाप.

तेव्हापासून एक रीत आहे. महाडच्या चवदार तळ्याचा दिवस आला की वस्ती विहिरीशी जमते. पंचशील म्हणायचं. मग एका माणसाने पोहरा शेंदायचा आणि प्रत्येकाने एक ओंजळ पाणी प्यायचं. उभ्याने, मान ताठ ठेवून. वाकून नाही प्यायचं, हे वडील बजावायचे. तान्ह्या लेकराच्या ओठाला पण बोट लावायचं. दुसऱ्या गावी दिलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. दिवाळीला नाही आल्या तरी चालतं.

या विहिरीचं पाणी पिऊन मी शिकले. धुळ्यात देवपूरच्या होस्टेलवरून सुट्टीला आले की पहिल्यांदा पोहरा टाकायचे. वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट मी. निकाल लागला तेव्हा नानांनी विहारात पेढे वाटले. मला त्याचा गर्व होता. अजून आहे. तो काही खोटा नव्हता. पण गर्वाला खुर्ची लागते, आणि ती कोण देतंय हे तो बघत नाही.

कारखाना सुताला रंग देण्याचा. धुळ्यातल्या मागांना सूत जायचं. रोज शेड जुळवायची, रंग-मीठ-सोडा यांचं प्रमाण लिहून द्यायचं, रंगलेल्या सुताची लडी बघायची. आणि रंगाई झाली की हौदात उरलेलं पाणी. त्याचं काय करायचं ते कोणी मला शिकवलं नाही, विचारलंही नाही. सकाळी मी हौदाशी जायचे, बघायचे आणि व्हॉल्व्हवरच्या माणसाला म्हणायचे, "सोडा." तो चाक फिरवायचा. पाइपातून नाल्यात. नाला आमच्या वस्तीच्या अंगाने जातो, विहिरीच्या जवळून, आणि पुढे पांझरा नदीला मिळतो.

वस्तीतली पोरं नाल्यावरून वार ओळखायची. लाल म्हणजे अमका, जांभळा म्हणजे तमका. खेळ होता तो त्यांचा. मी बसमधून उतरले की ओरडायची, "ताई, आज मोरपंखी!" मी हसायचे. सुंदर शेड होती ती. मीच बसवलेली.

त्या वर्षी वर्षावासाला आमच्याकडे एक भंते राहिले. पावसाळ्याचे महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. वाचणारी मी. कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, पांढरी साडी नेसायचे आणि वाचायला बसायचे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय कसे भांडले, तो भाग मी वाचला तेव्हा म्हातारी माणसं माना हलवत होती. पाण्याचं भांडण म्हटलं की आमच्याकडे वेगळं समजवावं लागत नाही.

एके संध्याकाळी भंते सम्यक आजीविकेवर बोलले. कोणते धंदे उपासकाने करू नयेत. शस्त्राचा, माणसांच्या विक्रीचा, मांसाचा, दारूचा. आणि विषाचा. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, "तुमचं काम काय, सांगा बरं." माणसं सांगू लागली. कापूस वेचतो. विटा पाडतो. हमाली करतो. हातभट्टीवाला एक जण होता, तो उठून बाहेर गेला. सगळे हसले. माझी पाळी आली.

"कारखान्यात केमिस्ट आहे," मी म्हणाले.

"म्हणजे काय करता?"

"आम्ही सुताला रंग देतो."

"वा," भंते अंगावरच्या वस्त्राला हात लावत म्हणाले. "चीवराला पण रंग लागतोच."

पुन्हा सगळे हसले. मी पण हसले. हातभट्टीवाला निदान उठून गेला होता.

शेठ ध्यान करायचे, हे सांगायचं राहिलं. कुठल्या तरी शिबिराला जाऊन आले होते. तेव्हापासून केबिनमध्ये तो बुद्ध. सकाळी दार बंद करून बसायचे, बाहेर लाल दिवा. विहिरीला वास येतोय हे मी एकदा, फक्त एकदा, त्यांच्या कानावर घातलं होतं. ते चिडले नाहीत. अगदी शांत आवाजात म्हणाले, "तुम्ही लोक बौद्ध ना? मग एवढा राग कशाला? बुद्धांनी राग सोडायला सांगितला. श्वास बघा. सगळं अनित्य आहे. वास पण जाईल."

आमचाच बुद्ध, आमच्यावरच उगारलेला. आणि मी तिथे उभी, मनात म्हणतेय, खरंच, आपल्यालाच राग जास्त येतो का. किती दिवस मी तो राग गिळला आणि त्याला साधना समजले.

पेल्याचा दिवस झाला. त्यानंतर वस्तीने पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला सुरुवात केली.

मधे लोकांनी बंद केलं होतं. चहा फाटायचा. डाळ शिजता शिजायची नाही. भांड्याच्या बुडाला पांढरा थर. पोरांच्या अंगाला खाज. बाया गावातल्या नळावर जायला लागल्या होत्या आणि तिथे रांगेत मागे उभं राहून ऐकून घेत होत्या. आता त्या परत आल्या. का? तर आमच्या पोरीने साहेबासमोर पिऊन दाखवलं. वास येतो? येऊ दे, पोरगी बी.एस्सी. आहे. कोणी कुरकुरलं तर माझी मायच भांडायची. "मनी पोर पेला भरीसन पिनी. तुले जास्त समजस का?"

मी घरी असायचे. मी ऐकायचे. आणि मी डब्यात पाणी कारखान्यातून भरून आणायचे. "मला तिथल्या पाण्याची सवय झालीय," म्हणायचे.

हे वाक्य मी आता लिहिलं आणि हात थांबला. पण लिहायचंच होतं.

चवदार तळ्याचा दिवस आला. लेकी माहेरी आल्या. विहिरीभोवती पांढरी लुगडी, पांढरे सदरे. काही तरुण पोरं म्हणत होती की यंदा नुसतं वंदन करू, पाणी नको. नाना म्हणाले, "विहीर गई का मान गई. पाणी पिनंच पडी. आनि ते चांगलं शे, तपासेल शे." माझ्याकडे हात केला.

पंचशील झालं. पहिलं शील माझ्या तोंडून बाहेर पडलं, जिवाला इजा करणार नाही असं. आवाज स्पष्ट होता माझा. वाचायची सवय.

पोहरा आला. एकेक ओंजळ. नाना प्याले. लेकी प्याल्या. एकीच्या कडेवर तान्हं होतं, तिने बोट बुडवलं आणि त्याच्या ओठाला लावलं. त्याने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. "वस्ताद शे! चव समजस त्याले!" माय प्याली. मान ताठ, वडिलांनी सांगितलं होतं तशी.

माझी ओंजळ भरली गेली. पाणी निवळच दिसत होतं. तळहाताच्या रेषा दिसत होत्या त्यातून. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. मी हात तोंडाशी नेले, मान वर केली आणि बोटं सैल सोडली.

पाणी मनगटावरून गेलं, कोपरावरून गेलं, बाहीत गेलं. मी तोंड पुसलं.

सगळ्यांनी विष प्यायलं. ज्या एकटीला ते विष आहे हे माहीत होतं, तिने ओंजळ सांडली. चवदार तळ्याच्या दिवशी. आमच्या माणसांनी पाणी पिऊ नये म्हणून ज्यांनी काठ्या उगारल्या होत्या, ते निदान समोर उभे होते. मी आत उभी होते, पांढऱ्या साडीत.

त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती. तव्याकडे बघतच म्हणाली, "तुनं पाणी कोपरवरथीन गयं. मी देखं."

मी तिला सगळं सांगितलं. ऑफिसचं गार पाणी, खुर्ची, हौद, "सोडा", सगळं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने भाकर उलटली. म्हणाली, "माले सांगीसन काय उपयोग? मी एकटी पिनू का?"

मग तिने जे ठरवलं ते ऐका. "तू बठ्ठासमोर खरं सांगत नही, तवलोंग मी हाईच पाणी पिसू."

तू सगळ्यांसमोर खरं सांगत नाहीस, तोवर मी हेच पाणी पिणार. एवढंच बोलली. पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. रोज सकाळी पोहरा टाकायची, माझ्यासमोर तांब्या भरायची, माझ्यासमोर प्यायची.

मला वाटतं वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्याच दिवशी मी नानांकडे गेले. नाही गेले. मार्च गेला. एप्रिल गेला. मायच्या हाताला भेगा पडल्या, पोट बिघडलं, ती भिंत धरून चालायला लागली. मी गोळ्या आणून दिल्या. गोळ्या ती त्याच पाण्याने घ्यायची. आणि मी सकाळी बसला जायचे, हौदाशी उभी राहायचे आणि म्हणायचे, "सोडा." भीती शेठची नव्हती. नोकरी गेली असती तर शिकवण्या केल्या असत्या. भीती होती ती बायांच्या त्या हसण्याची. ते हसू माझ्यावरून उतरेल, याची. वस्तीची पहिली ग्रॅज्युएट. ते पद सुटत नव्हतं. एवढ्यासाठी मी मायला रोज विष पिताना बघितलं.

वैशाख पौर्णिमा जवळ आली तेव्हा शेठनी बोलावलं. केबिनमधल्यापेक्षा मोठी मूर्ती त्यांनी मागवली होती. संगमरवरी. "तुमच्या वस्तीला दान देतो. बुद्ध सगळ्यांचे आहेत," ते म्हणाले. "तुम्ही आभाराचं भाषण करा. तुम्ही लोक बोलता छान."

मी "हो" म्हणाले. निघताना ट्रेमधून माझा पेला उचलला. शिपाई म्हणाला, "कुठे नेता बाई?" मी म्हणाले, "माझाच आहे ना?"

पौर्णिमेला विहारासमोर मांडव. मूर्ती पेंढ्यात गुंडाळलेली, लाकडी खोक्यात. शेठसाठी आणि सरपंचासाठी खुर्च्या. बाकी सगळे सतरंजीवर, पौर्णिमेसाठी पुन्हा आलेले भंतेही खाली आसनावर. शेठनी मैत्रीवर भाषण केलं. क्रोध माणसाला जाळतो, म्हणाले. वस्तीने मन शांत ठेवावं, कारखाना आणि वस्ती एक कुटुंब आहे. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं.

मी माइककडे गेले नाही. विहिरीकडे गेले. पोहरा टाकला, पेला भरला, परत आले.

बोलले ते असं. "हा माझा पेला आहे. याच्या बुडाला ठिपका आहे, कारण माझा विटाळ होतो. दिवाळीच्या आधी या पेल्यातून मी शेठच्या केबिनमध्ये पाणी प्याले. ते विहिरीचं नव्हतं, ऑफिसातल्या वॉटर-कूलरचं होतं. मला माहीत होतं. नानांनी विचारलं, मी म्हणाले चांगलं आहे. मी खोटं बोलले. विहिरीत रंगाचं पाणी उतरलंय. ते सोडा म्हणून रोज मीच सांगते. चवदार तळ्याच्या दिवशी तुम्ही सगळे प्यालात. मी नाही प्याले. माझी ओंजळ मी सांडली."

बस्स.

मग मागून तरुण पोरं उठली. "पाज ताई! शेठले पाज!" "आते पी म्हना त्याले!" "सोडू नको!" आवाज वाढत गेला. माणसं खुर्चीभोवती गोळा झाली. शेठ उठायला गेले, कोणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवलं. माझ्या हातात पेला. मी त्यांच्यासमोर उभी. ते बसलेले आणि मी उभी, नेहमीसारखंच, पण पहिल्यांदा घाबरलेले ते होते.

खोटं कशाला सांगू, मला पाजायचं होतं. त्यांचं ते शांत तोंड उघडून ओतायचं होतं. पेला पुढे गेला पण होता. मग त्यांच्या ओठाकडे बघताना मला ते तान्हं आठवलं. वाकडं केलेलं तोंड. ते बोट मी बुडवू दिलं होतं. मी एकदा विष पाजून बसले होते, आणि आता पुन्हा पाजायला निघाले होते. फक्त माणूस वेगळा.

मी पेला मातीत ओतला.

"मी कोणालाच पाजणार नाही," मी म्हणाले. "शेठ, उद्यापासून सोडा म्हणायला दुसरं माणूस बघा. मी म्हणणार नाही. आणि जे कोणी म्हणेल, त्याच्या पाइपासमोर मी असेन."

शेठ धोतर सावरत म्हणाले, "मूर्ती आणली तुमच्यासाठी, त्याचे हे पांग फेडता?"

तेव्हा नाना उठले. हळू उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "मूर्ती लई जा, शेठ. विहीर साफ व्हई ना, तवय लई या. तवलोंग तो बुद्ध तुमनाच."

लोकांनी वाट दिली. खोकं जसं आलं तसं गाडीत चढलं.

मग नाना माझ्याकडे वळले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, "यंदा वर्षावासमा वाचन दुसरं कोनी करी."

एवढंच. आणि गेले.

मायने घरी जाऊन विहिरीचा हंडा पालथा घातला. दुसरा घेतला आणि गावातल्या नळाकडे निघाली. "मी येऊ का?" विचारलं तर म्हणाली, "ये. रांग मोठी ऱ्हास."

त्या रांगेत मी उभी राहिले. मागे. पुढची एक बाई वळून म्हणाली, "का हो मॅडम, पाताळ आटलं का तुमचं?" मला उत्तर देता आलं असतं. पण ज्यांनी ती विहीर खणली त्यांना ते उत्तर द्यायचा हक्क होता. मी ती विहीर घालवली होती. मी हंडा पुढे सरकवला.

पौर्णिमेनंतर भंतेंना विचारलं, "आता काय करू?" मला वाटलं काही सूत्र सांगतील. ते म्हणाले, "बसू या. तुम्ही म्हणालात ना, पाइपासमोर असेन."

आम्ही जाऊन बसलो. नाल्याच्या काठाला, पाइपाच्या तोंडापाशी, सकाळी हौद सोडायच्या वेळेला. घोषणा नाही, दगड नाही. पहिल्या दिवशी भंते, मी आणि माय. नंतर बाया आल्या, तरुण पोरं आली. डोळे मिटून श्वास बघायचा. शेठ पण तेच करायचे, लाल दिवा लावून, कूलरच्या गारव्यात. आमच्या श्वासाला मात्र वास होता. आत जाणाऱ्या श्वासात सडकी अंडी. नाकाला चुरचुरणारं काहीतरी. तो बघत बसायचं. त्यापासून पळायचं नाही. इतकी वर्षं मी तो वास घेतच नव्हते, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

व्हॉल्व्हवरचा माणूस यायचा, वरून ओरडायचा, "काय मॅडम, आज कोणती शेड पाहिजे? लाल देऊ का गुलाबी?" पाणी सुटायचं, अंगावर शिंतोडे उडायचे. पांढऱ्या साड्यांवर रंग. धुऊन निघत नाही तो, पक्का आहे. माझाच फॉर्म्युला.

सगळे आमच्या बाजूने होते असं नाही. वस्तीतलेच काही जण त्या कारखान्यात लडी उचलायला होते. माझा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तू शिकेल शेस. तुले दुसरं काम भेटी. कारखाना बंद पडना ते आमले कोन दी?" त्याचं खरं आहे. मी त्याला म्हणाले, बंद पाडायचा नाही, पाणी धुऊन सोडायला लावायचं आहे. त्याची पद्धत आहे, हौद बांधावे लागतात, मला येतं ते. तो म्हणाला, "येस ते पयलेच काब्र नही सांगं?" येत होतं तर आधीच का नाही सांगितलंस?

मी आता धुळ्यात शिकवण्या घेते. सकाळची बस सोडून नंतरची धरते, कारण सकाळी पाइपाशी बसायचं असतं. तक्रारी लिहिते. नमुने बाटलीत भरते, वस्तीतल्या दोन पोरींना भरायला शिकवलंय. साहेब बदलले, तपासणी पुन्हा झाली, पुन्हा होईल. पाणी धुवायचा एक हौद शेठनी बांधला आहे, दाखवण्यापुरता. त्यात पाणी सोडत नाहीत. विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत. वाचन दुसरी पोरगी करते. मी दाराशी बसून ऐकते. नाना माझ्याशी बोलतात, पण "पोरी" म्हणत नाहीत.

चवदार तळ्याच्या दिवशी वस्ती अजून विहिरीशी जमते. काट्या असतात, पोहरा नसतो. माणसं ओंजळ करून उभी राहतात. रिकामी ओंजळ, मान ताठ. मी पण करते. माझ्या ओंजळीकडे माय बघत असते, कोपराकडे.

माफी मी कोणाकडे मागितली नाही आणि मागणार नाही. माफीने विहीर साफ होत नाही. तो लाल ठिपक्याचा पेला माझ्या फळीवर आहे, मी रोज त्यातूनच पाणी पिते. ठिपका खरवडला नाही. तो शेठनी दिलेला अपमान होता तोवर मला त्याची लाज वाटायची. आता तो माझ्या कामाचा आहे. खुर्ची पुढे आली की मला तो आठवतो.

त्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं होईल. मी करून घेईन. त्या दिवशी सगळे पितील. लेकी पितील, त्यांची पोरं पितील, नाना असले तर नाना पितील, माय पिईल. सगळ्यांच्या मागून मी. माझी एक ओंजळ राहिली आहे. ती मी उभ्याने पिईन आणि एक थेंब कोपरावरून जाऊ देणार नाही.

तोवर पाइपाशी. उद्या सकाळी पण.